पाणी पिणारा दगड

विहिरीत उतरण्याआधी चिमाजी चपला काढायचा आणि टाचा विहिरीकडे, अंगठे घराकडे अशा काठावर ठेवायचा. वर आल्यावर पाय सरळ घराच्या वाटेला लागले पाहिजेत, एवढंच त्यामागचं कारण. तीस वर्षांत आकुर्डीपासून माणपर्यंत त्याने एक्केचाळीस विहिरी खणल्या होत्या आणि त्यातली एकही कोरडी गेली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगत नसे. त्याची मुलगी छबूबाई सांगायची. नवरा गेल्यावर ती बापाकडे परत आली होती आणि वर उभी राहून दगडांच्या पाट्या दोराने ओढायची.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत आम्ही आकुर्डीला राहायला आलो. माझ्या यजमानांना पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, पण कॉलनीतलं घर मिळायला अवकाश होता. तोवर उद्धवरावांच्या मळ्यातल्या दोन खोल्या घेतल्या. यजमान सकाळी सायकलवरून जायचे ते संध्याकाळी यायचे. मी आणि चार वर्षांची कुमुद दिवसभर घरी. आठवड्याच्या आत दारापासून अठ्ठावीस पावलांवर उद्धवरावांच्या नव्या विहिरीचं काम सुरू झालं. ती पावलं मी मोजली होती. कुमुदच्या पावलांनी पंचावन्न भरत.

त्या दिवसापासून मी दाराला आतून कडी घालू लागले. खिडकीत उभी राहून कुमुद रडायची. तिसऱ्या दिवशी चिमाजी खिडकीशी आला. ठेंगणा, काटकुळा माणूस, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी.

"काय वो बाई, पोरीला कोंडून घालता व्हय?"

"विहीर आहे ना समोर," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

तो परत विहिरीत उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारची भाकरी खाऊन झाल्यावर, सगळे पडलेले असताना, त्याने आणि छबूबाईने निघालेले दगड खड्ड्याभोवती रचायला सुरुवात केली. मातीचुना काही नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. पाच दुपारी खपून कुमुदच्या गळ्याइतका उंच कठडा उभा राहिला. काठाचा हातभर रुंद भाग पाट्या ओढायला मोकळा ठेवला आणि तिथे काम नसताना बाभळीची फांदी आडवी घातली.

उद्धवराव बघायला आले तेव्हा हसले. "चिमाजी, तुला इहीर सांगितली का पाळणा?"

"पाळणाच म्हणा मालक. बाईंची एकुलती हाय."

"मग अंगाई बी म्हण. पानी त्येवढं लवकर लाव."

मी कडी काढली. त्यानंतर कुमुद कठड्याला धरून आत डोकावायची आणि पाच परस खालून चिमाजी तिला हाका मारायचा. परस म्हणजे पुरुषभर उंची. विहिरीची खोली तिकडे परसातच मोजतात.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेऊन पदवीधर झाले आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. लग्नानंतर त्या शिक्षणाचा मला कुणी उपयोग विचारला नव्हता. चिमाजीने विचारला. त्याला कळलं की बाई दगड शिकल्या आहेत, तेव्हा तो पोट धरून हसला. "दगडात शिकायचं काय वो? त्यो तर आमाला शिकवतो." पण मग रोज संध्याकाळी तो वर येताना एखादा खडा घेऊन येऊ लागला. मुरूम संपून मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, लागला तेव्हा त्याचा, मांजऱ्या संपून काळा पाषाण लागला तेव्हा त्याचा. पाषाणात पोकळ्या असायच्या, आणि पोकळ्यांत काय काय निघायचं. कधी सुयांसारखे पांढरे स्फटिक, कधी गारगोटी, कधी नुसती हिरवी माती. चिमाजी त्या पोकळ्यांना घरं म्हणायचा.

एकदा त्याने एका घरातून पांढरट, मेणचट खडा काढून आणला. मेणबत्ती वितळून थिजल्यासारखा. मी म्हणाले, "हा ओपल आहे. क्षीरस्फटिक."

"महाग असतो?"

"असा साधा असेल तर काहीच नाही."

"मग नाव दोन दोन कशाला?"

मला त्याला सगळं सांगावंसं वाटलं. मी सांगितलं की हा सगळा मुलूख एकेकाळी वितळलेल्या दगडाचा होता. तो थंड होताना आत बुडबुडे अडकले, तीच ही घरं. मग लाखो पावसाळे वरून पाणी मुरत राहिलं. पाणी दगडातून गारेचा अंश विरघळवून आणतं आणि घरात साठवतं. तो अंश आधी पातळ खिरीसारखा असतो, मग खळीसारखा होतो, मग आळत आळत घट्ट होतो. गारगोटी पुरती दगड होते. ओपल पुरता दगड होत नाही, त्याच्या पोटात थोडं पाणी राहून जातं.

"म्हंजे दह्यावानी," चिमाजी म्हणाला. "इरजण लागलं, पर पुरतं घट झालं न्हाई."

"तसंच."

"मंग समदी दही सारखी नसत्यात."

तेही खरं होतं. आमच्या प्राध्यापकांच्या ट्रेमध्ये पाच तुकडे होते. एक साधा दुधी. एक काचेच्या थेंबासारखा स्वच्छ. एक नारिंगी, विस्तवासारखा. त्यात लोखंडाचा अंश मुरलेला. एक तपकिरी, त्यात लाकडाच्या रेषा जशाच्या तशा. लाकूड कुजत गेलं आणि त्याची जागा त्या खळीने भरत नेली. आणि पाचवा पांढरा फटक, खडूसारखा. तो प्राध्यापकांनी पाण्यात टाकला आणि आम्ही बघत असताना तो स्वच्छ होत गेला, मग त्यात हिरवे, तांबडे, निळे रंग पेटले. तो दगड पाणी पितो, असं त्यांनी सांगितलं. सुकला की परत खडू. रंग का दिसतात हे त्यांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. आत केसापेक्षा बारीक भेगा असाव्यात आणि डबक्यावरच्या घासलेटाच्या तवंगासारखा उजेड त्यांत फुटत असावा, असं ते म्हणाले होते.

"पानी पितो?" चिमाजीने परत विचारलं. त्याला ते फार आवडलं. छबूबाईला हाक मारून म्हणाला, "आयकलं का गं? दगड पानी पितो म्हनं. आन् तुजा दीर दारू पितो."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या परसाला पाणी लागलं. सुरुंगाने फुटलेल्या कातळाच्या चिरेतून पाणी आलं आणि चिरेच्या तोंडाशी एक घर उघडं पडलं. चिमाजी वर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याने भरलेली बादली होती आणि बादलीत लिंबाएवढा एक दगड.

मी तो पाहिला. उद्धवरावांनी पाहिला. आणि इब्राहिमने पाहिला. इब्राहिम हा पिंपरीच्या बाजारातला मणियार, बांगड्या, मणी आणि अंगठीचे खडे विकणारा. पाणी लागणार म्हणून हिरव्या बांगड्या घेऊन यायला उद्धवरावांनी त्याला सांगून ठेवलं होतं. बादलीत उन्हाची तिरीप पडली होती आणि दगडाच्या आत मोराचं पीस उलगडल्यासारखे रंग हलत होते. कुमुद टाळ्या वाजवू लागली.

"या अल्ला," इब्राहिम म्हणाला. "भाभी, ये तो ओपल है. हातात घेऊ नका कुनी. मेरा मामू पुण्यात नगीने का काम करता. मी त्याला घेऊन येतो."

"आमच्या जमिनीत निघालाय," उद्धवराव म्हणाले.

"तुमचाच हाय मालक," चिमाजी म्हणाला. "पर पानी पयलं आसरांचं आन् पान्याच्या तोंडचा दगड बी आसरांचा. पाच दिस त्यो काठावर बसंल. मंग तुमी कायबी करा."

हा तिकडचा रिवाज आहे. पाणी लागलं की विहिरीच्या तळातले सात दगड निवडतात, तेलात शेंदूर कालवून त्यांना माखतात आणि काठावर ओळीने बसवतात. त्या साती आसरा, पाण्याच्या बाया. त्यांना हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. हे झाल्याशिवाय कुणी त्या पाण्याला तोंड लावत नाही, आणि पाच दिवस त्या दगडांना कुणी हात लावत नाही. उद्धवरावांना दगड हवा होता, पण आसरांची भीती त्याहून मोठी होती. त्यांनी मान हलवली.

चिमाजीने सहा दगड साधे घेतले आणि सातवा हा. आपल्या हातांनी त्याने तो पुसून कोरडा केला, उन्हात जरा ठेवला, मग तेल आणि शेंदूर जाडजूड चोळला. सगळ्यांत जास्त त्याला चोळला, कारण आसराच त्या रूपाने दिसली होती, असं त्याचं मन सांगत होतं. मी तिथेच उभी होते. मी कुमुदला कठड्यापासून लांब धरून ठेवण्यात गुंतले होते.

सहाव्या दिवशी इब्राहिम मामूला घेऊन आला. उद्धवरावांनी स्वतः सातवा दगड उचलला आणि फडक्याने शेंदूर खरवडून काढला. आतून निघाला तो मळकट, गुलाबीसर, मेलेला खडा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीसारखा.

मामूने तो बोटांत फिरवून परत दिला. "इसमें कुछ नहीं."

इब्राहिमच्या तोंडाचा रंग गेला. "मैंने जो देखा वो ये नहीं है," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याने आयुष्यभर कोरडे, कापलेले, पॉलिश केलेले खडे हाताळले होते. रंग गेलेला खडा म्हणजे वेगळा खडा, हेच त्याला ठाऊक होतं. "बुरा मत मानना चिमाजीभाऊ, पण हा तो न्हवं."

उद्धवराव चिमाजीकडे वळले. "काठावर रातीला कोन झोपत व्हतं?"

"मी," चिमाजी म्हणाला. "राखन म्हनून."

"मांजराला शिक्याची राखन." बघायला जमलेले लोक हसले. "दगड कुठं हाय चिमाजी?"

"ह्योच त्यो मालक. माज्या हातानं बसिवला."

"तुज्याच हातानं बदलला बी."

"आसरांचा दगड बदलून मी पुन्यांदा इहिरीत कसा उतरंन?"

"म्हनूनच म्हनतो, आता उतरू नगंस."

तेव्हा मी बोलले. मला आजही तो क्षण आठवतो. त्यात फक्त दया नव्हती. लग्नानंतरच्या पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ एक अशी गोष्ट होती जी तिथे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. मी पुढे झाले आणि म्हणाले, "उद्धवराव, हा तोच दगड आहे. हा पाणी पिणारा ओपल आहे. सुकला म्हणून पांढरा दिसतो. पाण्यात ठेवा, तासा-दोन तासांत रंग परत येतील."

"नक्की?"

"नक्की. मी कॉलेजात डोळ्यांनी पाहिलं आहे."

चिमाजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग तो सहा दगडांसमोर बसला, विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई सांगत्यात तसा रंग आला न्हाई, तर ह्या इहिरीचं पानी मला हराम."

"हीच का?" उद्धवराव म्हणाले. "तू खनलेल्या समद्या इहिरींचं म्हन. आन् नव्या इहिरीत पाय घालनार न्हाई असं बी म्हन. खरा हायेस तर जड का जातंय?"

छबूबाई ओरडली, "आबा, नगा!"

पण चिमाजीने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मी मान डोलावली. आणि तो तेही बोलला.

पितळेच्या परातीत पाणी घातलं, दगड मधोमध ठेवला. दहा वाजले होते. लोक झाडाखाली बसले. पहिला तास सगळे परातीकडे बघत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "दगडाला तहान न्हाई वाटतं." दुसरा म्हणाला, "त्येला गूळ दावा." बारा वाजता मी दगड पालथा केला. एक वाजता परात उन्हात सरकवली. दोन वाजता मी कुमुदला जेवायला घालायच्या निमित्ताने घरात आले आणि खिडकीतून बघत राहिले. चिमाजी परातीसमोर उकिडवा बसला होता. त्याने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. परातीतल्या दगडाशी तो काहीतरी हळूहळू बोलत होता.

संध्याकाळी यजमान आले तेव्हाही दगड तसाच होता. उद्धवरावांनी रात्रभर मुदत दिली, मोठ्या मनाने. सकाळी परात आमच्या दारात आणून ठेवली.

"घ्या बाई. पोरीला सागरगोट्यात खेळायला हुईल." मग लोकांकडे वळून म्हणाले, "शिकलेल्या बाईनं सांगितलं, तिच्या शब्दावर न्याय केला. माजं काय चुकलं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं.

चिमाजी काठावरून चपला उचलायला आला. त्याने त्या पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या. आमच्या दारापाशी थांबला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "बाई, माजीच नजर चुकली आसंन. उन्हाची तिरीप व्हती." छबूबाई मागून आली आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेली. ती माझ्याकडे बघून थुंकली.

ही गोष्ट आठ दिवसांत माणपर्यंत पोचली. ज्याने आसरांचा दगड बदलला त्याला कोण विहिरीत उतरू देणार? आणि कुणी दिलं असतं तरी त्याने स्वतःच तोंडाने सगळ्या विहिरी बंद करून घेतल्या होत्या.

मे महिन्यात आमच्याकडे नवा माठ आणला. तळण चाललं असताना माझा तेलकट हात माठाला लागला. दुसऱ्या दिवशी बघते तर माठ सगळीकडून पाझरत होता, फक्त पाच बोटांच्या आणि तळव्याच्या जागा कोरड्या ठणठणीत होत्या. कुमुदने त्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "आई, इथे पाणी येतच नाही."

मी खाली बसले. मला प्राध्यापकांचा आवाज ऐकू आला, दहा वर्षांपूर्वीचा, अगदी शब्दन् शब्द. पाचवा तुकडा त्यांनी चिमट्यात धरला होता आणि आम्हा दोघींकडे बघून म्हणाले होते, "हात लावू नका. तुम्ही मुली केसांना तेल लावता. या दगडाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यांत तेल बसलं की हा दगड पाणी प्यायचा बंद होतो." सगळा वर्ग हसला होता. मीही हसले होते. रंगांचा भाग मला आठवला आणि हा भाग मी विसरले.

यजमानांनी कारखान्यातून तेल काढणारं स्पिरिट एका बुचाच्या बाटलीत आणलं. कुमुदच्या खेळण्यांतून मी दगड शोधून काढला, त्यात बुडवला. दुसऱ्या दिवशी स्पिरिट पिवळं झालं होतं. ते बदललं. परत पिवळं. नऊ दिवसांनी ते स्वच्छ राहिलं. दगड दोन दिवस सावलीत सुकवला आणि पेल्यातल्या पाण्यात टाकला. आधी त्यातून बारीक बुडबुडे निघाले. मग कडा स्वच्छ झाल्या. पाऊण तासाने त्यात हिरवा पेटला, मग तांबडा, मग सगळं मोराचं पीस.

मी रडले. यजमान म्हणाले, "रडू नकोस. आता काय करायचं ठरव. उद्धवरावांना दाखवलंस तर ते दगड काढून घेतील आणि आपल्याला घराबाहेर. कॉलनीचं घर दिवाळीनंतर आहे."

"आधी चिमाजीला दाखवते," मी म्हणाले. ते न्यायाचं वाटलं. ते सोपंही होतं.

चिमाजी चाकणच्या वाटेवर एका खाणीत खडी फोडतो, असं कळलं. जूनमध्ये एका रविवारी एस.टी.ने आम्ही तिघं गेलो. मांडीवर पेला धरता येईना म्हणून मी दगड मुरांब्याच्या बरणीत पाणी घालून नेला. खाणीच्या कडेला पत्र्याच्या झोपड्या होत्या. छबूबाई बाहेर बसून खडी फोडत होती. तिने आम्हाला ओळखलं, पण हातोडी थांबवली नाही.

"आत हाय," ती म्हणाली. "जावा. बगा."

चिमाजी घोंगडीवर बसला होता. डोळ्यांवर हळदीचं फडकं बांधलेलं. विहिरीत तो वरून खाली, पायाखाली घाव घालायचा. खडी फोडताना दगड तोंडासमोर असतो. चौथ्या दिवशी उजव्या डोळ्यात कपची गेली होती. मुकादमाने दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, आणि एका डोळ्याने घाव नीट बसेना. महिन्याभरात तशाच कपचीने डावाही गेला.

"कोन हाय?"

"मी, चिमाजी. आकुर्डीची. कुमुदची आई."

"बाई! पोरगी बरी हाय? कठडा हालत न्हाई ना?"

मी म्हणाले, "चिमाजी, रंग आले. तेलामुळे अडलं होतं. तुम्ही लावलेल्या तेलामुळे. मला ते आधी कळायला हवं होतं. हा बघा, बरणीत—" आणि मी थांबले.

मग त्याने हात पुढे केला. मी ओला दगड त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो अंगठ्याने चहूकडून चाचपला.

"ह्योच," तो म्हणाला. "हिकडं जरा खोलगट हाय. घरातनं काडताना माजी पहार लागली व्हती." मग विचारलं, "रंग हायेत आता?"

"आहेत."

"समदे?"

"सगळे."

"म्हंजे मी खोटा न्हवतो."

"नव्हतात."

"मला आता वाटाया लागलं व्हतं," तो म्हणाला, "का मीच रातीला उठून बदलला आसंन. झोपंत. दुसरं काय आसंन, न्हाई का?"

छबूबाई दारात येऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाई, त्या दिशी तुमी गप ऱ्हायला असता, तर माजा बाप एका मळ्यात चोर झाला असता. दुसऱ्या मळ्यात इहीर खनली असती. तुमी बोलला म्हनून त्यानं पान्याची आन घेतली."

"छबे, गप."

"का गप? शिकल्यात ना त्या? त्यांना सांगाया नगं?"

चिमाजीने दगड बरणीत परत ठेवायला लावला. "हितं ठिवून काय करू? मला दिसत न्हाई आन् हिला बगवत न्हाई. बाई, एवडंच करा. उद्धवरावाला दावा. त्यो चार लोकांत म्हनला पायजे, चिमाजी खरा व्हता. मंग आन सुटली. मंग माज्या इहिरीचं पानी म्या प्यालो तर चालंल."

"तुम्ही इथे पाणी कुठलं पिता?"

"खानीतलं," छबूबाई म्हणाली. "त्यात म्हशी बसत्यात."

दुसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन उद्धवरावांच्या ओसरीवर गेले. त्यांनी बरणी उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील.

"तुमचे मालक औषधांच्या कारखान्यात हायेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिथं समदी रसायनं असत्यात."

"उद्धवराव, मी फक्त तेल काढलं आहे."

"दोन म्हयने दगड तुमच्या घरात. तुमी त्येला काय पाजलं, मला काय ठावं? परातीत नुसतं पानी व्हतं, चार लोक व्हते. तवा रंग आला न्हाई. आन पान्याची व्हती, स्पिरिटाची न्हवती." बरणी त्यांनी माझ्याकडे सरकवली. आवाज मऊ होता. "ठिवा तुमच्यापाशीच. रंगवलेला दगड मी कुनाला इकू? आन् बाई, एक सांगतो, राग मानू नगा. आसरांचा दगड काठावरनं उचलून घरात ठिवनं बरं न्हवं. कोपल्या का त्या ल्हान जीव मागत्यात. पोरगी तुमची ल्हान हाय. इहीर दारात हाय."

लाव्हा कसा थिजतो, बुडबुड्यांत खळ कशी आळते, हे मला सगळं माहीत आहे. आसरा म्हणजे शेंदूर लावलेले दगड, हेही माहीत आहे. मी बरणी पदराखाली घेतली आणि घरी आले. त्यांच्याशी एक शब्द अधिक बोलले नाही. त्यांच्या चार लोकांपैकी दुसऱ्या कुणाकडे गेले नाही. इब्राहिम पिंपरीच्या बाजारात रोज बसतो, त्याला दाखवलं असतं तर तो बोलला असता. त्याच्याकडेही गेले नाही. त्या रात्रीपासून कुमुदला मी माझ्या हाताला पदराने बांधून झोपवू लागले. दगड बरणीतून काढला. तो सुकला, पांढरा झाला, आणि काड्यापेटीत घालून मी तो कपाटात टाकला.

कॉलनीचं घर दिवाळीनंतर मिळालं नाही. ते लांबत गेलं. या वर्षीच्या एप्रिलमध्ये आम्ही अजून मळ्यातच होतो.

दुपारी दोनचा सुमार असेल. छबूबाई चिमाजीचा हात धरून बांधावरून येत होती. माणला कुणा नातेवाइकाकडे लग्न होतं, तिथून ती दोघं पायी परत निघाली होती आणि वाटेत मळा लागतो. कठड्याशी येऊन चिमाजी थांबला. त्याने हाताने दगड चाचपले, एक हलवून बघितला. हलला नाही.

मी काही करायच्या आत कुमुद तांब्या घेऊन धावली. आता ती पाच वर्षांची आहे. "चिमाजीबाबा, पाणी."

त्याचे ओठ फुटलेले होते. दोन्ही हातांनी त्याने तांब्या धरला, तोंडापर्यंत नेला. मग थांबला. "कोन्च्या इहिरीचं गं?"

"आपल्या," कुमुद म्हणाली. "तुमच्या."

त्याने माझ्या दिशेने तोंड वळवलं. मी तिथे उभी आहे हे त्याला कसं कळलं, मला माहीत नाही. "बाई, उद्धवराव काय बोलला?"

मी खोटं बोलू शकले असते. दहा महिने मी गप्प राहिले होते, एक वाक्य अजून काही जड नव्हतं. त्याने पाणी प्यायलं असतं. पण छबूबाई माझ्याकडे बघत होती, आणि ओसरीवर उद्धवराव पान लावत बसले होते.

"नाही म्हणाले," मी सांगितलं.

त्याने मान हलवली. तांब्या वाकडा करून पाणी त्याने आसरांच्या ओळीवर ओतलं. सहा दगड ओले झाले. सातव्या दगडाच्या जागेवरचं पाणी मातीने पिऊन टाकलं. रिकामा तांब्या त्याने अंदाजाने कुमुदच्या हातात दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि छबूबाई त्याला घेऊन बांधावरून निघून गेली.

"आई, त्यांनी पाणी का नाही प्यायलं?" कुमुदने विचारलं.

त्यांना तहान नव्हती, असं मी तिला सांगितलं.